एक शाफ्ट लांब, एक आखूड

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, या जास्वंदाच्या बाजूनं. तिकडे भिंतीपाशी उभं राहिलं की आवाज थेट त्यांच्या ओसरीत जातो. वकीलसाहेबांच्या फाटकात ती हिरवी जिप्सी चाकं काढून विटांवर उभी आहे, पाहिलीत ना? सगळी गल्ली म्हणून राहिली की इंजिन बसलं. इंजिनाला काय धाड भरलीय! शाफ्ट गेला. प्रोपेलर शाफ्ट, चाकांकडे बळ नेणारा दांडा. अन् तो का गेला, ते त्या घरात अजून कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण मला सगळं… आता कसं कळलं ते विचारू नका. त्यांच्याकडे पोळ्यांना येते ती आपल्याकडेही येते, एवढंच सांगते.

नाव मी कुणाचं घेत नाही हं. धाकटा, तुम्हाला माहीतच आहे. थोरला पुण्याला आयटीत, अन् हा पोट्टा दिवसभर गाडीखाली. जिप्सी घेतली ती ताडोब्याच्या बाजूनं, सफारीवाल्याकडून. आता मारुतीनं जिप्सी आणली 1985 ला, तेराशे सीसीची किंग काढली 1996 ला, अन् बंद करूनही आता वर्षं झाली, तेव्हा मिळणार ती जुनीच. वाघ दाखवून दाखवून दमलेली! वकिलीणबाई तेव्हा गोकुळपेठेत भाजी घेता घेता मला काय म्हणाल्या ठाऊक आहे? "उघडी गाडी आहे हो, संध्याकाळी फुटाळ्यावर चक्कर मारायला बरी." चक्कर मारायला! पोराच्या डोक्यात गोव्याची रेनफॉरेस्ट चॅलेंज. 2014 पासून भर पावसाळ्यात होते ना ती, चिखलात गाड्या लोळवायची. तिथे जिप्स्या काय काय करतात, ते व्हिडिओ दाखवून दाखवून त्यानं बापाला पटवलं. अन् वकीलसाहेब पटले, हे विशेष. कोर्टात समोरच्याला एक शब्द बोलू देत नाहीत म्हणे…

तर काय सांगत होते? हां, पाटे. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगचे पाटेच. कंपनीतून यायची तेव्हा ॲक्सल वर अन् पाटे त्याच्या खाली. ह्यानं उलटं केलं, पाटे ॲक्सलच्या वर घेतले. तेवढ्यानं गाडी चांगली पाचेक इंच उचलली गेली. मग टायर मोठे घातले. टायर मोठे झाले की गाडी ओढायला जड, म्हणून मग ट्रान्सफर केस उघडली. इथून पुढचं सगळं रामायण तिचंच आहे.

ट्रान्सफर केस म्हणजे तो मधला डबा हो, गिअरबॉक्समधून आलेलं बळ पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारा. बऱ्याच जीपांना तो गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्टनं जोडलेला असतो. जिप्सीत तो सुटा. फ्रेमला रबरांवर बसवलेला, अन् गिअरबॉक्सपासून तिथपर्यंत एक वीतभराचा छोटा शाफ्ट. म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन शाफ्ट, अन् हा तिसरा. हे मला आपल्या काकांनी सांगितलं. आपले काका हो, जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीतून रिटायर होऊन आलेले. मिलिटरीची जोंगा तिथेच बनायची, निसानच्या पॅट्रोल गाडीवरून घेतलेली, 1969 पासून पार 1999 पर्यंत. काकांचं आयुष्य त्या गाड्यांखाली गेलं. काकू म्हणतात, लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही त्याच्या दोन टोकांची उंची बघत असतील.

पहिल्या खेपेला धाकट्यानं फक्त डब्यातले गिअर बदलले. लो रेंज आणखी लो केली, म्हणजे दगडावर गाडी मुंगीच्या चालीनं चढेल. त्याला काकांची ना नव्हती. डबा तोच, जागा तीच, मग शाफ्टच्या लांबीला काही होत नाही. फक्त एवढं म्हणाले, "बळ वाढवतोयस, तर डब्याची रबरं अन् शाफ्टच्या टोकांचे क्रॉस नवे टाक. डबा पीळ खाऊन पलटायला बघतो. तो हलला की तिन्ही शाफ्टचे कोन हलले." पोट्टा "हो काका, हो काका" करून राहिला होता. रबरं जुनीच ठेवली!

अन् मग, ऐका, मग त्याला कुणीतरी दुसऱ्याच गाडीचा गिअरबॉक्स दिला. कुणी, ते मला माहीत आहे, पण जाऊ द्या. हा गिअरबॉक्स लांबोडा. आता मधला छोटा शाफ्ट मावेना. दोनच रस्ते होते. छोटा शाफ्ट कापून आणखी छोटा करायचा, नाहीतर डबा मागे ढकलायचा. ह्या शहाण्यानं दोन्ही केलं. थोडा शाफ्ट कापला, थोडा डबा सरकवला.

काका तेव्हा संध्याकाळचे फिरायला निघाले होते, ट्रॅफिक पार्कच्या दिशेनं. फाटकातून आत बघितलं अन् तिथेच थांबले. मी अंगणात झाडांना पाणी घालत होते, म्हणून सगळं दिसलं. काका म्हणाले, "अरे, डबा मागे गेला तर पुढचा शाफ्ट तोकडा पडेल अन् मागचा लांब होईल. अन् हा मधला इतका बुटका झाला की गिअरबॉक्स अन् डबा यांच्या उंचीत जरा जरी फरक असेल तरी त्याचा कोन वाढणार. लांब शाफ्टला तोच फरक जाणवतही नाही." तर धाकटा काय म्हणाला असेल? "काका, तुमच्या काळी युट्यूब नव्हतं." अहो, काकांचा चेहरा! खर्रकन उतरला. तसेच मागे फिरले, पार्कात गेलेच नाहीत. काकूंनी रात्री मला फोन करून विचारलं, "यांना कुणी काही बोललं का हो?" मी म्हटलं, छे, मला काय माहीत.

मग शाफ्ट गेले वाडीला. ट्रकवाल्यांचं सगळं काम तिकडेच ना. तिथला लेथवाला उस्ताद मोठा इमानदार माणूस, त्यानं आधीच बजावलं होतं, "भैया, नाप तुम लाओ, जिम्मेदारी तुम्हारी." अन् माप घेतलं कसं? गाडी जॅकवर उचलून! चाकं खाली लोंबकळत होती तेव्हा टेप लावली. इथेच सगळं बिघडलं, असं काका म्हणतात. गाडी जमिनीवर, नेहमीचं वजन भरून, चाकं टेकलेली असताना माप घ्यायचं असतं. मग ॲक्सल पूर्ण खाली लोंबू देऊन बघायचं, अन् मग पूर्ण वर दाबून बघायचं. कारण शाफ्टची लांबी सारखी बदलत असते. त्याच्या मधोमध खाचांचा एक जोड असतो, पडद्याचा सरकता रॉड असतो ना तसा, आत-बाहेर होणारा. चाक खड्ड्यात उतरलं की तो बाहेर येतो, चाक वर दाबलं गेलं की आत जातो. शिवाय पाटा सरळ होताना ॲक्सल जरा पुढे-मागेही सरकतो, तेव्हा कागदावरच्या हिशेबावर जाऊ नये, प्रत्यक्षच बघावं. ह्या पोरानं मागचा शाफ्ट बेतला लोंबत्या मापाला. गाडी जमिनीवर टेकली तेव्हाच तो जोड जवळजवळ पूर्ण आत. दाबायला जागाच उरली नाही. अन् पुढचा? पुढचा त्यानं बनवलाच नाही नवा! "चालतोय ना," म्हणे. खाचा कशाबशा टोकाला धरून होत्या.

रस्त्यावर आली तेव्हापासूनच थरथर होती. वकिलीणबाईंना मी विचारलंही, "गाडी अशी थरथरते का हो?" तर म्हणाल्या, "फोर बाय फोरला व्हायब्रेशन असतंच." असतंच! काकांना सांगितलं तर आधी काही बोलेनात, रागावलेले ना. मग चहा घेता घेता विरघळले. म्हणाले, शाफ्टच्या टोकाला तो क्रॉस असतो ना, त्याची खोड अशी की कोनात फिरताना तो एका फेऱ्यात दोनदा वेग घेतो अन् दोनदा मंदावतो. एका टोकाला क्रॉसनं असा चाळा केला की दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढाच उलटा चाळा करून तो मिटवतो, पण कधी? दोन्हीकडचे कोन सारखे असतील अन् क्रॉसला धरणाऱ्या दोन्ही टोकांच्या काट्या एका रेषेत असतील तरच. धाकट्याचा शाफ्ट कापून परत जोडला तेव्हा काट्या किंचित फिरल्या. वरून डबा सरकल्यामुळे अन् गाडी उंच झाल्यामुळे वरचा कोन एक अन् ॲक्सलकडचा कोन भलताच. मग थरथरणार नाही तर काय? मी विचारलं, मग सरळच ठेवावा ना शाफ्ट, कोनच नको. तर हसले. म्हणाले, "अगदी सरळही नको. क्रॉसमधल्या त्या बारीक सुयांनी थोडं तरी फिरायला हवं, नाहीतर एकाच जागी दाबून खड्डे पाडतात." बघा, म्हणजे फार वाकडं चालत नाही अन् फार सरळही चालत नाही…

बरं, मधेच एक गंमत. कोपऱ्यावरच्या मावशी. त्यांना हे सगळं कळलं, तर त्या काय गप्प बसतात? त्यांचा जावई अमेरिकेत, त्याच्याकडे जीप रँगलर, 2003 च्या आसपासची. मावशींना त्या गाडीचं सगळं पाठ आहे, कारण जावई व्हिडिओ कॉलवर दुसरं काही बोलतच नाही. त्यानं गाडी उंच केली तेव्हा त्याच्याही मागच्या शाफ्टला तोच ताप झाला म्हणे. त्या गाडीची लांबीच कमी, म्हणून मागचा शाफ्ट मुळात बुटका, त्यात उंची वाढली की कोन फार उभा. अन् मागच्या शाफ्टचा सरकता जोड थेट ट्रान्सफर केसच्या तोंडातच बसतो. आधी त्यानं स्वस्तातला उपाय केला. डब्याखाली स्पेसर घालून डबाच थोडा खाली आणला. कोन कमी झाला, पण पोट खाली आलं अन् दगडाला घासायला लागलं. मग त्यानं काय केलं, तर डब्याची मागची दांडीच काढून छोटी बसवली, पक्क्या फ्लँजची. "स्लिप योक एलिमिनेटर" म्हणतात त्याला. हे मावशी असं म्हणतात की बस्स, कोथिंबीर म्हणावं तसं!

अन् त्यात मजा बघा. दांडी छोटी झाली, म्हणजे शाफ्टला लांब व्हायला जागा मिळाली. शाफ्ट लांब झाला की कोन आपोआप कमी. डब्याच्या बाजूला दोन क्रॉस जोडून बनवलेला जॉइंट लावला, तो आपला चाळा आपणच मिटवतो. पण मग खालचा कोन वरच्याइतका ठेवायचा नियम इथे चालत नाही. मागच्या ॲक्सलचं शाफ्ट जोडायचं नाक वर करून शाफ्टच्या रेषेत आणावं लागलं, जवळजवळ सरळ. मावशी म्हणाल्या, "जावयानं डबा बदलला, शाफ्ट बदलला, ॲक्सल फिरवला. एकाला हात लावला की तिघांना लावावाच लागतो." अन् वर वकिलीणबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं, "आमच्याकडे काम अर्धवट नसतं." तेही लक्ष्मीभुवन चौकात, चारचौघांत! वकिलीणबाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. काय शोधत होत्या देव जाणे.

सिव्हिल लाइन्सच्या डॉक्टरांचं तर तुम्हाला माहीतच आहे. आजोबांच्या वेळची विलीज. महिंद्रानं 1947 नंतर जोडायला घेतल्या त्या जातीची. त्या जुन्या जीपचा डबा मुलखावेगळा. पुढचा शाफ्ट तर बाजूनं निघतोच, मागचाही मधून न निघता त्याच बाजूनं निघतो, म्हणून मागच्या ॲक्सलचा गिअरांचा गोळाही एका अंगाला असतो. डॉक्टरांच्या मेकॅनिकनं त्यात मागचं तोंड मधोमध असलेला दुसरा डबा बसवला अन् ॲक्सल तसाच जुना ठेवला. झालं! शाफ्ट खाली तर वाकडा, आडवाही वाकडा. अमेरिकेतल्या जीपच्या कंपनीनं स्वतः 1972 ला जेव्हा मधल्या तोंडाचा डबा दिला, तेव्हा ॲक्सलही मधल्या गोळ्याचा दिला होता. डॉक्टर मुकाट्यानं जुना डबा परत बसवून मोकळे झाले. शहाणा माणूस. पेशंटना मात्र सांगत असतील, काढलेलं परत बसत नाही म्हणून नीट विचार करा…

कुठे होते मी? हां, मारबत! मारबतीच्या दिवशीच झालं ना सगळं. आपण सगळे इकडे मिरवणुकीला, अन् हा पोट्टा मित्रांना घेऊन हिंगण्याच्या पुढे खडकाळ माळावर. अन् शेजारी कोण बसलं होतं? खुद्द वकीलसाहेब! गॉगल लावून. मला तर त्यांच्याकडचा ड्रायव्हर सांगत होता अन् हसून हसून पुरेवाट. पहिल्याच नाल्यात पुढची चाकं लोंबली. पुढच्या शाफ्टचा जोड सुटून बाहेर! सुटलेलं टोक गरागरा फिरत खालून पत्र्यावर धडाड धडाड. वकीलसाहेबांनी पाय वर घेतले म्हणे, सीटवर मांडी घालून बसले. तेवढ्यात घाबरून ह्यानं गाडी जोरात पुढे काढली, मागचं चाक दगडावर चढलं, पाटे दाबले गेले, अन् मागच्या शाफ्टला आत जायला जागा कुठे होती? त्यानं सगळा धक्का थेट डब्यावर दिला. रबरं तर आधीच गेलेली. डब्याचा कान तुटला, बेअरिंग गेलं, तेल सगळं नाल्यात.

मग एका शेतकऱ्यानं ट्रॅक्टर लावून बाहेर ओढली. महिंद्राचा ट्रॅक्टर, तिथेच हिंगण्याच्या एमआयडीसीत बनतो तो. वकीलसाहेब ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून अंबाझरीपर्यंत आले. गॉगल मात्र तसाच!

अन् खरी गोष्ट तर पुढेच आहे. जरा जवळ या. रविवारी काका त्यांच्याकडे गेले, रुसवा सोडून. म्हणाले, "चला, बघू तरी." कोन मोजायचं ॲप मोबाईलवर घेऊन गाडीखाली शिरले, या वयात. वर वकीलसाहेब खुर्चीवर, धाकटा उभा, वकिलीणबाई चिवडा घेऊन. काका खालूनच विचारतात, "गिअरबॉक्स बदलला, त्याचं आरसी बुकात काही केलं का?" सगळे गप्प. काका पुन्हा म्हणतात, "मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे ना? 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल करता येत नाहीत. तुम्हाला तर माहीतच असेल, साहेब." अहो, आयुष्यभर दुसऱ्यांना कलमं सांगितली त्या माणसानं! चेहरा असा काही… हातातला चिवडा हातातच. अन् आरटीओ तर इथं गिरीपेठेत, हाकेच्या अंतरावर. वकिलीणबाई एवढंच बोलल्या, "यांनी मला कधी सांगितलं नाही." वकीलसाहेब म्हणाले, "मी सिव्हिल बघतो, मोटारचं बघत नाही."

मग ठरलं, लांबोडा गिअरबॉक्स परत द्यायचा, मूळचा बसवायचा, डबा जुन्या जागी आणायचा. कंपनीनं जिथं भोकं पाडलीत तिथंच. उंची मात्र धाकटा सोडेना, तेव्हा काकांनी माप घेतलं. पुढचा, मागचा, दोन्ही शाफ्ट नवे, जमिनीवर टेकवून मोजलेले, मग लोंबवून, मग पोत्यांनी दाबून. अहो, गव्हाची पोती आणली घरातून! मी म्हटलं, आता पुन्हा ट्रॅक्टर लागायचा नाही…

पण ऐका, सकाळीच वाडीहून नवे शाफ्ट आलेत. रिक्षातून उतरताना मी बघितले. अन् आत्ता काकू म्हणाल्या, शाफ्टच्या फ्लँजची भोकं डब्याच्या फ्लँजशी जुळून नाही राहिली. उस्तादनं दुसऱ्या मॉडेलची फ्लँज लावून दिली. माप लांबीचं दिलं, फ्लँजचं कुणी दिलंच नाही! काका पट्टी घेऊन तिकडे निघालेत, धाकट्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय म्हणे, अन् कोपऱ्यावरच्या मावशी केव्हाच्या फाटकाशी जाऊन उभ्या. येता का? मी निघालेच, फक्त ही चप्पल बदलते.